खुबा बदलल्यानंतरचे चालणे

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात, विहारात त्रिसरण-पंचशील सुरू असताना आम्ही मागच्या भिंतीजवळ खुर्चीवर बसलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर खीर घेताना दोघा-तिघांनी सहज विचारले, "साहेब, चालता तर चांगले, मग खाली का बसत नाही?" एका गृहस्थांनी मात्र आम्हाला बाजूला नेले आणि हळू आवाजात सांगितले की, त्यांच्या तेवीस वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी खुबा बदलण्यास सांगितले आहे. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून त्याच्या मांडीच्या हाडाची मान मोडली होती. स्क्रू टाकून ती जुळविली, पण आता हाडाचा गोळाच खराब झाला आहे. मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. "याचं आता पुढं काय? नोकरी लागंल का? पोरगी कोण देईल? का जन्मभर लंगडाच?" असे ते विचारीत होते, आणि ही गोष्ट भावकीत अजून कोणाला सांगू नका असेही बजावीत होते.

स्मरणिका समितीने यंदा आरोग्यावर लेख मागितला तेव्हा त्या गृहस्थांचा प्रश्नच आम्ही विषय म्हणून घेतला. आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकून व कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु वयाच्या ३९ व्या वर्षी आमचा उजवा खुबा बदलावा लागला. त्या आधी जे अंगावर काढले आणि नंतर जे वाचून व तज्ज्ञांना विचारून घेतले, तेवढ्याच आधारावर हे लिहीत आहोत. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांचे ऐकावे, हे वेगळे सांगायला नको.

प्रथम खुबा म्हणजे नेमके कोणते ठिकाण ते पाहू. कंबर दुखते असे म्हणणारा माणूस हात लावतो तो कधी मणक्याला, कधी कुल्ल्याला. खुब्याचा सांधा या दोन्ही ठिकाणी नाही, तो जांघेच्या मागे खोल आहे. शाळेत आपण त्याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. कमरेच्या हाडात एक वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा तिच्यात सर्व बाजूंनी फिरतो. गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या मुख्य वाहिन्या अगदी बारीक असून त्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. कालव्याच्या टेलवर असलेल्या शेतासारखी या गोळ्याची स्थिती आहे. वर कोठे पाणी अडले की टेलला थेंब पोहोचत नाही, आणि दुसरीकडून पाणी आणण्याची सोयही फारशी नसते. रक्त थांबले की हाड आतून मरते. काही महिने वरून गोळा शाबूत दिसतो, मग शरीराच्या भाराने तो खचतो. गोल होता तो चपटा झाला की वाटीही घासू लागते. या रोगाला डॉक्टर अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, बोलताना नुसते एव्हीएन.

रक्त थांबण्याची कारणे अनेक आहेत. हाडाची मान मोडणे किंवा सांधा निखळणे हे एक, वर सांगितलेल्या मुलाचे तेच झाले. अतिमद्यपान हे दुसरे. स्टेरॉइड औषधे अधिक मात्रेत किंवा दीर्घकाळ घेणे हे तिसरे. कित्येकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. एव्हीएनखेरीज मणका व खुबा आखडविणारा संधिवात, खुब्याचा क्षयरोग, लहानपणी सांध्यात झालेला पू, जन्मतःच उथळ असलेली वाटी, यांमुळेही विशी-तिशीत खुबा निकामी होतो. म्हणजे हे म्हाताऱ्यांचेच दुखणे आहे ही समजूत चुकीची आहे.

आमचे प्रकरण स्टेरॉइडचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने आम्हाला दवाखान्यात बारा दिवस ठेवले. त्या वेळी दिलेल्या स्टेरॉइडने आमचा जीव वाचला असे आम्ही मानतो. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांत या औषधाने मृत्यू कमी होतात हे इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत २०२० सालीच दिसून आले होते. त्यामुळे त्या डॉक्टरांबद्दल आमची तक्रार नाही. मुंबईत माहीम येथील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२१ सालीच चाळिशीच्या आतील तीन रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. कोरोनातून उठल्यावर सरासरी दोन महिन्यांतच त्यांचे खुबे दुखू लागले होते. तक्रार करायचीच तर ती दुसऱ्या स्टेरॉइडची करावी. दम, अंगदुखी, खाज, वजन वाढत नाही, अशा कशावरही कागदाच्या पुडीत बिननावाच्या गोळ्या देणारे लोक आपल्या तालुक्यांच्या गावी अजून आहेत. गोळीने दोन दिवसांत हुशारी वाटते म्हणून आपणही पुन्हा तेथेच जातो. औषधाचे नाव लिहून न देणाऱ्याकडून औषध घेऊ नये, एवढे तरी आपल्या घरांत ठरवून टाकावे.

दुखणे कसे ओळखावे, याबाबत आमचीच फजिती सांगतो. जांघेत कळ येई आणि ती मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरे. गुडघा दाबला तर काही नाही. मांडी घालताना उजवा गुडघा वर राही. मोजा घालताना पाय जवळ येईना. आम्ही कमरेचा पट्टा बांधला, तेल लावले, एकाकडून नस चढली म्हणून पाय ओढून घेतला. एका ठिकाणी पाठीच्या मणक्याचा एमआरआय झाला व त्यात चाळिशीच्या कोणाही माणसाच्या मणक्यात दिसेल तेवढी झीज दिसली. मग त्या झिजेवर चार महिने औषध चालले. अखेर दुसऱ्या एका अस्थिरोग तज्ज्ञांनी आम्हाला उताणे झोपवून गुडघा दुमडला आणि पाऊल बाहेर फिरविले. आम्ही ओरडलो. त्यांनी पाठीचा कागद बाजूला ठेवला आणि खुब्याचा फोटो काढायला सांगितले. या सगळ्यात आठ महिने गेले होते आणि गोळा खचलेला होता.

ही फजिती सांगण्याचे कारण असे की, गोळा खचण्यापूर्वी रोग सापडला तर उपाय वेगळे असतात. हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात, काही औषधे देतात, आणि स्वतःचा सांधा काही जणांचा वाचतो, काहींचा निदान काही वर्षे पुढे ढकलला जातो. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. तेव्हा तरुण माणसाची जांघ दोन-तीन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, लंगड येत असेल, तर एक्स-रे चांगला आहे म्हणून गप्प बसू नये. एका बाजूस झाले तर दुसरी बाजूही तपासून घ्यावी, कारण हा रोग पुष्कळदा दोन्हीकडे असतो.

येथे सिकलसेलबद्दल लिहिणे भाग आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि खुब्याचा गोळा हे त्यांचे नेहमीचे लक्ष्य आहे. विशीतील सिकलसेल रुग्णाचा खुबा बदलावा लागणे डॉक्टरांना नवलाचे नाही. नागपूर भागात आपल्या समाजात सिकलसेलचे वाहक असल्याची नोंद डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली केली. आदिवासी व इतर समाजांतही तो आहे. आपल्या मराठवाड्यात राज्य शासनाच्या सिकलसेल कार्यक्रमात नांदेड व हिंगोली हे जिल्हे आहेत. किनवट-माहूरकडच्या लोकांना हे माहीत आहे, लातूरकडील आपल्या बांधवांना बहुधा नाही, आणि सोयरिकी तर सगळीकडे होतात. यात कोणाच्या रक्ताचा दोष नाही. हजारो वर्षे मलेरियाच्या मुलखात राहिलेल्या माणसांत वाहकांना त्या तापापासून काही संरक्षण मिळाले, म्हणून हा गुण टिकला. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. तपासणी साध्या रक्ताची आहे व सरकारी रुग्णालयात होते. पत्रिका आपण कधीच सोडली, तिच्या जागी हा एक कागद पाहायला हरकत नाही. ज्याला सिकलसेल आहे त्याने खुब्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी हाडाच्या डॉक्टरांना ते न विसरता सांगावे. भूल, रक्त, पाणी, ऑक्सिजन या सगळ्यांची तयारी त्यात वेगळी करावी लागते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. माणसाचा खुबा बदलण्याचा प्रयत्न जर्मनीत १८९१ च्या सुमारास ग्लुक नावाच्या सर्जनने हस्तिदंताचा गोळा वापरून केला होता. आजच्या पद्धतीचे जनक इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयाचे जॉन चार्नली. त्यांनी वाटीसाठी प्रथम टेफ्लॉन वापरले. ते इतके झिजले की रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९६२ च्या नोव्हेंबरपासून ते पॉलिथिलीनची वाटी व पोलादाचा लहान गोळा बसवू लागले, आणि ती पद्धत टिकली. झिजेच्या भीतीने ते तरुणांचा खुबा शक्यतो बदलीत नसत. वाटीच्या झिजेचा बारीक भुगा सांध्यात साचतो, शरीर त्याच्याशी झुंजते आणि त्या झुंजीत सांध्याला धरून ठेवणारे हाडच पोखरले जाते. गेल्या पंचवीस वर्षांत अधिक टणक पॉलिथिलीन व सिरॅमिकचे गोळे आले, झीज पुष्कळ कमी झाली, म्हणून आज विशी-तिशीतल्या माणसाला डॉक्टर पूर्वीसारखे "पन्नाशीपर्यंत कळ काढ" असे म्हणत नाहीत.

नवा सांधा किती वर्षे चालतो हा सर्वांचा प्रश्न असतो. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०१९ साली आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार दहापैकी सुमारे सहा सांधे पंचवीस वर्षे टिकतात. पण त्यातील बहुतेक रुग्ण वयस्क होते. तरुण माणूस जास्त चालतो, जास्त जगतो, त्यामुळे त्याला आयुष्यात दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता बरीच अधिक असते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. हे कोणी लपवून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. उलट बाजूही आहे. विशी ते पंचेचाळीस ही शिकण्याची, नोकरीची, लेकरे वाढविण्याची वर्षे दुखण्यात अंथरुणावर काढून सत्तराव्या वर्षी चांगला सांधा मिळाला तर त्याचा उपयोग काय?

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला वॉकर धरून उभे केले. तरुणांत बहुधा सिमेंट न लावता खडबडीत पृष्ठभागाचा सांधा घट्ट ठोकून बसवितात आणि हाड हळूहळू त्यात वाढून त्याला पकडते. आमचे जुने दुखणे, जे दीड वर्ष रात्री झोपू देत नव्हते, ते त्या दिवसापासून गेले. टाक्यांचे दुखणे होते, पण ते वेगळे. येथेच माणूस फसतो. दुखत नाही म्हणजे बरे झालो, असे त्याला वाटते. सांधा नवा असला तरी त्याच्या भोवतीचे स्नायू जुनेच असतात, आणि लंगडत चालल्यामुळे ते वाळलेले असतात. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू अशक्त असला की उभ्या पायावर कंबर तोलली जात नाही, माणूस बदकासारखा डुलतो. हा डुलणारा चालण्याचा प्रकार आठ-दहा महिनेही राहू शकतो आणि त्याला औषध नाही, व्यायामच आहे. कुशीवर झोपून पाय वर उचलणे, उभे राहून पाय बाजूला नेणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, असे साधे प्रकार आहेत. कोणता कधी सुरू करायचा हे फिजिओथेरपिस्टने ठरवावे. आम्ही दीड महिना नियमाने केले, मग कंटाळलो, आणि चौथ्या महिन्यात एका लग्नाच्या चित्रफितीत स्वतःला डुलताना पाहिले. आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, "अहो, हे कोण चाललंय?" दुसऱ्या दिवसापासून व्यायाम पुन्हा सुरू झाला.

काठी कोणत्या हातात धरावी हेही पुष्कळांना ठाऊक नसते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. साधे चालताना एका पायावर उभे राहतो त्या क्षणी खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, कारण कंबर समतोल ठेवण्यासाठी बाजूचा स्नायू जोर लावून ओढत असतो. विरुद्ध हातातल्या काठीने त्या स्नायूचे काम हलके होते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरफेचा नियम लावून पाहावा, लगेच पटेल. आम्हाला तो पटायला पंधरा दिवस लागले.

घरात जी व्यवस्था करावी लागते ती फार खर्चाची नाही. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे, हाताची प्लास्टिक खुर्ची व तिच्यावर जाड उशी, संडासासाठी कमोडची घडीची खुर्ची, जमिनीवरची पायपुसणी व सतरंज्या काढून टाकणे, रात्री एक दिवा. झोपताना दोन पायांत उशी. बँकेत आम्ही सातव्या आठवड्यात रुजू झालो. बैठे काम असल्यास साधारण दीड-दोन महिन्यांत जाता येते. शेतमजुरी, हमाली, गवंडीकाम करणाऱ्यांना तीन महिने वा अधिक लागतात, आणि जड ओझ्याचे काम कायमचे बदलता आले तर उत्तम. आमच्या काउंटरवर पेन खाली पडला की वाकायच्या आत शेजारचे सहकारी ओरडत, "राहू द्या!" सुरुवातीला राग येई.

कारण निखळणे ही खरी भीती आहे. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने केलेली असेल तर पहिले दोन-तीन महिने तरी गुडघा कमरेच्या वर आणायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आतल्या बाजूला वळवायचे नाही. या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या की गोळा वाटीतून मागे निसटतो. पुढच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेचे नियम वेगळे असतात, म्हणून आपली कोणती ते विचारून घ्यावे.

इंग्रजी पुस्तकांत बूट कसा घालावा, मोटारीत कसे बसावे हे असते. आपले आयुष्य जमिनीवरचे. जेवणे, निवडणे, अभ्यास, परित्राण पाठ, सगळे खाली बसून. विहारात आपण निरनिराळ्या रीतींनी बसतो, आणि खुब्याच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. मांडी घालताना गुडघे बाहेर पडतात, त्यामुळे मागच्या बाजूने निखळण्याचा धोका त्यात तुलनेने कमी असतो. काही सर्जन, गोळा मोठ्या आकाराचा असेल व स्नायू चांगले भरले असतील, तर काही महिन्यांनंतर मांडीला परवानगी देतात. आपल्या आया-बहिणी दोन्ही पाय एका अंगाला दुमडून बसतात, त्यात मात्र एक खुबा वाकलेला आणि आत वळलेला असतो. दिसायला ते मांडीपेक्षा सोपे, प्रत्यक्षात अधिक वाईट. उकिडवे बसणे त्याहून अवघड. आणि पंचांग प्रणामात गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावताना खुबा जवळजवळ पूर्ण दुमडतो. सांधा काही महिन्यांचा असताना भक्तिभावाने पंचांग प्रणाम करणे म्हणजे पुन्हा दवाखान्याची वाट धरणे होय. आम्ही उभ्यानेच हात जोडून वंदन करतो. भन्तेजींना पहिल्यांदा कारण सांगितले तेव्हा त्यांनीच खुर्ची पुढे ओढली.

तरीही खुर्चीचा संकोच वाटतोच. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या आजी खाली बसल्या आहेत आणि आपण वर, हे बरे दिसत नाही असे वाटते. अशाच एका आजीने आमची चुळबुळ पाहून "बस लेकरा वर, पाय का उसना आणायचाय?" असे म्हटले आणि तो विषय संपला. १९५६ साली नागपूरच्या दीक्षा समारंभात स्वतः बाबासाहेब काठी आणि सहकाऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन मंचावर आले होते, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. विनयपिटकाच्या महावग्गात भगवंतांनी आनंदासह एका आजारी, दुर्लक्षित भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतल्याची कथा आहे. विपश्यना केंद्रांतही अडचण असणाऱ्या साधकाला खुर्ची देतात. मग आपल्या विहारात चार खुर्च्या कायमच्या मांडून ठेवण्यास अडचण काय? त्या नसल्या की गुडघे-खुबे दुखणारी माणसे वंदनेलाच येत नाहीत, आणि आपण म्हणतो की लोकांना धम्माची गोडी राहिली नाही.

खेळाचे विद्यार्थी विचारतात म्हणून लिहितो. अमेरिकेतील बो जॅक्सन या खेळाडूचा खुबा १९९१ साली खेळताना निखळला, त्यानंतर गोळ्याचे हाड मेले, १९९२ साली सांधा बदलला आणि १९९३ साली तो बेसबॉलच्या मैदानावर परतला. टेनिसपटू अँडी मरे याच्या खुब्यावर २०१९ च्या जानेवारीत धातूची टोपी बसविण्यात आली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. या गोष्टी खऱ्या आहेत व वाचून हुरूप येतो. परंतु त्यांच्यामागे प्रशिक्षकांचा ताफा होता आणि सांधा लवकर झिजला तर पुन्हा बदलण्याची ऐपत होती. धावताना भार वजनाच्या पाच पटींच्या घरात जातो. पोहणे, सायकल, चालणे हे आपल्यासाठी उत्तम. नियमित लांब धावणे, उड्या, कबड्डी, कुस्ती सोडून द्यावी, असेच बहुतेक सर्जन सांगतात.

लग्न, संसार यांना या शस्त्रक्रियेने बाध येत नाही. खुबा बदललेल्या स्त्रियांना मुले होतात, बाळंतपणे नीट पार पडतात. आजार लपवून लग्न करण्यापेक्षा शस्त्रक्रिया करून सांगून केलेले लग्न बरे.

पैशाचे काय? बँकेमुळे आमचा विमा होता, सगळ्यांचा नसतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होते. लातूरला ती २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये आली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि २०२४ च्या जुलैपासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण केले आहे. आपली शस्त्रक्रिया आणि ते रुग्णालय यादीत आहे का, हे दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला विचारावे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था असताना, हैदराबाद किंवा सोलापूरची गाडी पकडण्यापूर्वी निदान तेथील अस्थिरोग विभागात एकदा दाखवावे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र खुबा बदलला म्हणून आपोआप मिळत नाही. मंडळ हालचाल तपासून टक्केवारी ठरविते, आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच शासकीय नोकरीतील आरक्षणाचा लाभ मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल स्वतंत्रपणे आहे.

एक कागद मात्र जिवापाड जपावा. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावर कंपनी, आकार व क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती दवाखान्याच्या कागदांवर चिकटवितात. तिची प्रत मागून घ्यावी. २०१० साली जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने धातूवर धातू घासणारा एएसआर सांधा जगभरातून परत बोलाविला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो बसविला गेला होता, आणि त्यांतील पुष्कळ रुग्णांचा पुढे पत्ताच लागला नाही. ज्यांच्याजवळ क्रमांक होता त्यांना निदान आपल्या शरीरात काय आहे ते कळले. आणखी एक. पुढे कधीही जखम लाल झाली, सुजली, पाणी आले किंवा ताप येऊन खुबा ठणकू लागला, तर गावात प्रतिजैविके खात न बसता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच जावे. कृत्रिम सांध्यात शिरलेला पू लवकर सापडला तर सांधा वाचू शकतो.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाची शस्त्रक्रिया हिवाळ्यात झाली. त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न तोच विचारला: सोळाशे मीटर कधी धावता येईल? आम्ही खरे सांगितले, भरतीचे मैदान आता नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि अर्धा तास बोलला नाही. त्याचे वडील आमच्यावर रागावले, पोराचे मन मोडले म्हणाले. पण चालायला तो आमच्यापेक्षा लवकर लागला, तिसऱ्या महिन्यात काठीही सुटली. आता त्याने लिपिक पदाच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे. केंद्र लातूरला आले आहे, नांदेडहून पहाटेच्या एस.टी.ने जायचे, आणि परीक्षेची खोली दुसऱ्या मजल्यावर असली तर कसे, याची वडिलांना चिंता आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि एक हात कठड्याला, हे आम्ही त्यांना फोनवर दोनदा सांगितले आहे.